आवळायची राहिलेली नाडी

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षाने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि ती तशीच बसून राहिली. खंडेनवमीच्या संध्याकाळी आहेत तशा थांबवून रंगवलेल्या बशीतल्या पेशी दुभंगायला निघाल्या होत्या. आतला सगळा ऐवज त्यांनी नीट दोन वाट्यांत विभागलाही होता. पण वाटणी झालेल्या दोन भावांनी एकाच खोलीत राहावं, तशी दोन्ही केंद्रकं एकाच पेशीत अडकून पडली होती. मधली भिंत पडलीच नव्हती.

काही बशांमध्ये असं व्हायलाच हवं होतं. त्या बशांतल्या पेशींमधून अपेक्षाने एक प्रथिन काढून टाकलं होतं, आणि ते नसलं की भिंत पडत नाही हेच तिला दाखवायचं होतं. पण बाकीच्या बशांना तिने काहीच केलेलं नव्हतं. त्यांतही तेच. मग आपल्या प्रथिनाचा काय संबंध राहिला?

काहीतरी औषध शोधायला म्हणून तिने फ्रिज उघडला आणि तिचा हात थांबला. सौमित्रची तपकिरी बाटली दाराच्या कप्प्यात होती. ती बाटली नेहमी मधल्या फळीवर, मागे असायची. सौमित्र तिच्याच प्रयोगशाळेत काम करायचा. त्या बाटलीतलं औषध पेशीतले बारीक धागे तोडतं, आणि ते दिलं की पेशीत दोन केंद्रकं राहतात, अगदी अशीच. मागच्याच आठवड्यात तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला होता, "अपेक्षा, तुझ्या प्रथिनावाचून पेशींचं काही अडत नाही गं. बघशील."

अपेक्षा सरळ राजलक्ष्मी मॅडमच्या खोलीत गेली. परळच्या त्या संशोधन संस्थेत हा विभाग त्यांचा होता. दुपारपर्यंत सौमित्रचं कार्ड दाराला लागेनासं झालं. सोमवारी समिती बसणार होती. समितीला तो दोषी वाटला, तर त्याची पीएच.डी. तिथेच संपणार होती.

२

शनिवारी प्रभादेवीच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्याच्या खोलीत, सुमेधाबाईंचा वर्ग भरला होता. बाई निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली. पूर्वी त्या परळच्या त्याच संस्थेत पेशी बघायच्या, आता मुलांना दाखवायच्या. अपेक्षा लहानपणी डिलाईल रोडवरून चालत याच वर्गाला यायची. आज ती दारात उभी राहिली, तेव्हा बाईंनी फक्त मान हलवून तिला मागच्या बाकावर बसवलं. वर्ग अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

बाईंच्या हातात जुन्या साडीच्या काठाचा बटवा होता. त्यात त्यांनी दोन पेरू घातले होते.

"पेशीला दोन व्हायचंय. आधी काय करायचं?"

"पेरू लांब करायचे," एक मुलगा म्हणाला.

"शाब्बास. त्यासाठी पेशीत दोर असतात. दोर एक पेरू इकडे ओढतात, एक तिकडे. मग?" बाईंनी बटव्याच्या बरोबर मधे दोरी गुंडाळली आणि आवळली. बटव्याची कंबर बारीक झाली. "ही नाडी. ही दोरांची नसते हं, वेगळ्या बारीक धाग्यांची असते. दोर पेरू ओढतात, नाडी बटवा आवळते. दोन खाती, दोन कामं."

पुढच्या रांगेतल्या श्रेयाने हात वर केला. "पण बाई, नाडीला कसं कळतं की मधेच आवळायचंय? तिला डोळे आहेत का?"

"तिला कोण सांगत असेल?"

"दोर सांगतात?"

"जवळ आलीस. दोर स्वतः बोलत नाहीत. पण दोरांवरून काही प्रथिनं चालत मधोमध येतात, निरोपे असतात ना तशी. ती येऊन सांगतात, इथे, इथे आवळा. आणि निरोप वेळेत यावा लागतो. नाडी आवळायची वेळ थोडीच असते. ती गेली की पेशी म्हणते, जाऊ दे, राहू एकत्र."

मुलं हसली. मागच्या बाकावर अपेक्षाचे डोळे भरून आले.

मुलं गेल्यावर बाईंनी तिला चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"सौमित्र असं करेल असं तुला वाटतं?"

"वाटत नाही, बाई. पण बाटली हलली होती."

"बाटली हलली एवढंच ना. बशांत काय पडलं ते कुठे बघितलंयस? मला सांग, खंडेनवमीला संध्याकाळी तू सगळ्या बशांचं काम उरकलंस का?"

"नाही. अर्ध्या बशा थांबवून रंगवल्या, त्यांचेच फोटो काढले. बाकीच्या पेशी उबेत ठेवायच्या मशीनमध्येच आहेत. त्या आता बघायच्या तरी कशाला?"

"जा आणि बघ. आणि नवीन पेशी लाव, सगळ्या एकाच वेळी दुभंगतील अशा. मी राजलक्ष्मीशी बोलते."

त्या संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. "बाई, मशीनमधल्या पेशी... त्यांतल्या ज्यांना उशीर झाला होता, त्या नंतर मजेत दुभंगल्यात! कुणी पाणी बदललं नाही, काही धुतलं नाही, तरी!"

"मग औषध नाही ते," बाई म्हणाल्या. "औषध आपोआप निघून जात नाही. काहीतरी आलं, थोडा वेळ राहिलं, आणि गेलं."

३

रविवारी सकाळी बाई खोताच्या वाडीत गेल्या. सौमित्र लाकडी जिन्याच्या पायरीवर बसला होता. समोरच्या घरातल्या आजी खिडकीतून त्याला म्हणत होत्या, "काय रे, सुट्टी काय? पोट बिट दुखतं का?"

"मन दुखतंय, आजी," तो म्हणाला. मग बाईंना बघून उठला. "या. आरोपीचं घर हेच."

"चहा मिळेल का आरोपीकडे?"

तो हसला आणि आतून चहा घेऊन आला. "बाई, मला चिडवायची सवय आहे. तिला मी फार चिडवलं, मान्य. पण ती माझ्या डब्यातलं थालीपीठ खाते, मी तिच्या डब्यातलं सुकट खातो. मला एकदा विचारायचं तरी. ती थेट मॅडमकडे गेली."

"तुझी बाटली दाराच्या कप्प्यात कशी गेली?"

"मला कळत नाही. ते औषध दारात ठेवतच नाही मी, दार उघडझाप होतं." तो थांबला. "पण एक सांगतो. मी तिच्या पेशींचे फोटो पाहिलेत, कार्ड बंद व्हायच्या आधी. त्यात धागे शाबूत आहेत. माझं औषध पडलं असतं, तर धाग्यांचे तुकडे झाले असते. हे मी कुणाला सांगणार होतो? मीच आरोपी."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. धागे शाबूत, म्हणजे नाडी तुटली नव्हती. नाडी होती, पण तिला निरोप पोचला नव्हता.

परळच्या प्रयोगशाळेत अपेक्षा पेशींपाशी होती आणि दीपक बाईंची वाट बघत होता. प्रयोगशाळेची देखभाल तो करायचा आणि खंडेनवमीची पूजाही दर वर्षी तोच मांडायचा. पेशी ठेवायच्या उबदार कपाटाला तिथे सगळे नुसतं 'मशीन' म्हणत. जुनं मशीन होतं ते, आत्ताचं तापमान दाखवायचं, मागचं काही लक्षात ठेवायचं नाही.

"बाई, त्या दिवशी काय गर्दी होती माहितीय? घरचे लोक आलेले. सौमित्रची आई, मॅडमची मुलं, अपेक्षाचे बाबा. खाली पूजा, वर जेवण. मी एकेका मशीनला टिळा लावत फिरत होतो."

"ह्यालाही तूच लावलास?"

दीपकने मान हलवली. "नाय ना. मी आलो तेव्हा ह्याच्यावर कुंकू होतं, झेंडूचं फूल होतं. मला वाटलं, अपेक्षाने केलं."

अपेक्षा वळली. "मी? मला वाटलं, तुम्ही केलं!"

बाई मशीनच्या मागे गेल्या. भिंतीवरच्या स्विचवर सुकलेल्या कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"दीपक, तू स्विचला कुंकू लावतोस?"

"काय बाई! ओल्या बोटानं चालू स्विचला हात? शॉक बसला तर माझी पूजा घालाल तुम्ही."

"म्हणजे स्विच चालू नव्हता," बाई म्हणाल्या.

अपेक्षाने मागे येऊन ते बोट बघितलं.

४

"आता आपण पेशीला विचारू," बाई म्हणाल्या. अपेक्षाच्या नव्या पेशी तयार होत्या, सगळ्या एकदम दुभंगायच्या बेतात. बाईंनी तिला बशा दोन ठिकाणी ठेवायला लावल्या. काही मशीनमध्येच. काही, ऐन दुभंगायच्या वेळी, थोडा वेळ फ्रिजमध्ये, आणि मग परत मशीनमध्ये.

"फ्रिजमध्ये?" अपेक्षा म्हणाली. "पेशींना कोण फ्रिजमध्ये ठेवेल?"

"थंडीत पेशीतलं काय विरघळतं, सांग."

अपेक्षा वर्गातल्यासारखी उभी राहिली. "दोर. सूक्ष्मनलिका. गारठ्यात त्या सुट्या होतात. ऊब मिळाली की परत जोडल्या जातात."

"आणि नाडीचे धागे?"

"ते बऱ्यापैकी टिकतात." ती थबकली. "बाई! पेरू लांब झाल्यावर गारठा आला, तर... दोर गेले. निरोप्यांना चालायला रस्ताच नाही. नाडी तयार आहे, पण तिला कुणी सांगत नाही. आणि ऊब परत येईतो वेळ टळून गेली."

"आणि ज्या पेशी अजून सुरुवातीलाच होत्या?"

"त्यांचे दोर परत विणले गेले. त्या नंतर दुभंगल्या." तिने फ्रिज उघडला. "म्हणून बाटली दारात गेली. बशांचा ट्रे ठेवायला मधल्या फळीवर जागा केली कुणीतरी. फक्त जागा केली."

संध्याकाळी तिने बशा रंगवून बघितल्या. उबेत राहिलेल्या पेशी एकीच्या दोन, छान सुटलेल्या. फ्रिजमधून आलेल्यांत बहुतेक पेशींची दोन केंद्रकं एकत्र. खंडेनवमीचेच फोटो पुन्हा काढले असावेत तसं.

"सौमित्रने नाही केलं," अपेक्षा हळूच म्हणाली. तिला हायसंही वाटलं होतं आणि लाजही.

"मग कुणी केलं? विचार कर. ह्या माणसाला वाईट करायचं नव्हतं. मशीन बंद करायचंय, तर आतल्या जिनसा खराब होऊ नयेत म्हणून त्याने त्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आपण दुधाच्या पातेल्याचं करतो तसं. मग मशीन पुसलं, कुंकू लावलं, पहिलं बोट स्विचला. सगळं झाल्यावर बशा जशाच्या तशा परत ठेवल्या, एक थेंब न सांडता. हात फार जपणारे आहेत." बाई थोड्या थांबल्या. "इथले लोक चालत्या मशीनला टिळा लावतात. पूजेसाठी मशीन थांबवलंच पाहिजे, असं कुणाला वाटेल?"

अपेक्षाने स्विचवरच्या कुंकवाकडे बघितलं.

"अपेक्षा, तुमच्या डिलाईल रोडच्या गिरणीत दसऱ्याला साचे, ते कापडाचे माग, चालू असायचे का गं?"

"बाबा," ती म्हणाली.

५

डिलाईल रोडवरच्या चाळीत गणपत गॅलरीत बसून रेडिओच्या बातम्या ऐकत होते. गिरणीत ते साचेवाले होते, कापड विणायच्या मागावर त्यांनी निम्मं आयुष्य काढलं होतं. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी रखवालीही केली, पण विचारलं तर अजूनही "साचेखात्यात" असंच सांगायचे. बाई आल्या म्हणून ते लगबगीने उठले.

"अपेक्षाच्या बाई! येवा, बसा. शांता, पाणी हाड."

अपेक्षाची आई पाणी घेऊन आली. अपेक्षा दाराशीच उभी होती. बाईंनी पाणी प्यायलं आणि सरळच विचारलं, "गणपतराव, खंडेनवमीला अपेक्षाच्या मशीनची पूजा तुम्ही केलीत का?"

गणपत खुलले. "तर! हिने दाखवलान माका, हे माझं मशीन. मग हिला खाली रांगोळीला बोलावल्यान. मी मागे राहिलो. म्हटलं, माझ्या चेडवाचं मशीन आणि पूजा नाय? आणि चालत्या मशीनला कुंकू लावणारे आम्ही नव्हेत. आमच्या खात्यात आधी पट्टा थांबायचा, साचा पुसून घ्यायचा, तेल द्यायचं, मगच हात जोडायचे. वर्षभर आपल्यासाठी राबतं, एक घटका तरी त्याला निवांत नको?"

"आणि आतल्या बशा?"

"त्या फ्रिजमध्ये ठेवल्या की. उघड्यावर ठेवून वास लागला असता, नाय तर माशी बसली असती. एक बाटली आडवी येत होती, ती बाजूला केली. मग परत जागच्या जागी. एक सांडली नाय हां!"

अपेक्षा हसली नाही, तेव्हा त्यांचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. "काय झालं गो?"

बाईंनी त्यांना सांगितलं. मुलांना सांगायच्या तसंच, घाई न करता: दोर, गारठा, निरोप, वेळ. गणपतांनी सगळं ऐकलं. धागा तुटला की कापड का बिघडतं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे माझ्या हाताने," ते म्हणाले. "हिची एवढी मेहनत, माझ्या हाताने."

"बाबा, असं नका म्हणू." अपेक्षा पुढे आली. "मी परत करीन. आणि सोमवारी मी सांगेन की मीच ठेवल्या होत्या फ्रिजमध्ये. विसरले होते. झालं. तुमचं नाव यायची गरज नाही."

"आणि त्या पोराचं काय? ज्याला काढलाय?"

"तो सुटेल ना, मी सांगितलं की."

गणपत उठून उभे राहिले. "नाय. माझा खाडा दुसऱ्याच्या नावावर कधी लागला नाय. बाई, उद्या मी येतो परळाक."

"बाबा, समितीसमोर लोक काय म्हणतील? ह्यांना कुणी आत सोडलं, असं म्हणतील. हसतील!"

"हसू देत," गणपत म्हणाले. "त्या पोराच्या घरी गेले तीन-चार दिवस कुणी हसलं असेल काय?"

अपेक्षाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिची बाजू घेतली नाही आणि वडिलांचीही घेतली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "सौमित्रचं नाव तू घेतलं होतंस. ते तुलाच मागे घ्यावं लागेल. बाबांनी नव्हे, मीही नव्हे."

६

सोमवारी गणपत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. समितीच्या खोलीत सगळ्यात आधी ते बोलले, मालवणी येऊ नये म्हणून जपून, एकेक शब्द ठेवत. "पूजा मी केली. बंद मी केलं. ज्याचं नाव घेतलंत, त्याने काही केलेलं नाही. मला म्हातारा समजून सोडू नका, चूक झाली तर चूक म्हणा."

मग अपेक्षा उभी राहिली. तिने दोन्ही प्रकारच्या बशांचे फोटो भिंतीवर दाखवले, औषधाने धागे कसे तुटतात आणि गारठ्याने दोर कसे जातात हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "सौमित्रवर मी संशय घेतला, तो पुराव्यावरून नाही. त्याने मला चिडवलं होतं म्हणून. मी त्याला एकदाही विचारलं नाही. ती तक्रार मी मागे घेते."

राजलक्ष्मी मॅडमनी फोटो पुन्हा एकदा बघितले. "गणपतराव," त्या म्हणाल्या, "चूक तुमची म्हणायची असेल, तर आधी माझी म्हणावी लागेल. कुणी आत आलं तर काय करायचं नाही, हे आम्ही दारावर कुठे लिहिलं होतं? सौमित्र, तुझं कार्ड आजपासून चालू. मलाही तुला विचारायला हवं होतं."

सौमित्रने मान हलवली. गणपत त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. सौमित्र गडबडला. त्याने पटकन त्यांचे हात धरून खाली केले. "काका, नका. तुम्ही माझ्या वडिलांसारखे."

बाई गणपतांना घेऊन जिना उतरल्या. व्हरांड्यात अपेक्षा आणि सौमित्र दोघेच राहिले. बाहेर कुणीतरी दसऱ्याची सुकलेली तोरणं दारावरून काढत होतं.

"सौमित्र, सॉरी."

"हं."

"खरंच."

"मला राग आलाय," तो म्हणाला. "तो आज जायचा नाही. उद्याही कदाचित नाही. तू माझी आई त्या दिवशी पाहिलीस ना? तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सुट्टी आहे म्हणालो."

"मी येऊन सांगू?"

त्याने विचार केला. "नको. मी सांगेन. आता सांगण्यासारखं झालंय."

तो भिंतीला टेकला. मग त्यानेच विचारलं, "पेशी परत कधी लावणार?"

"उद्या सकाळी. सगळं पहिल्यापासून."

"मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. कुणी आलंच, तर अडवीन."

अपेक्षाला हसू आलं आणि रडूही. तिने आपलं कार्ड दाराला लावलं, दार उघडलं आणि हाताने धरून ठेवलं.

"बाहेर नको," ती म्हणाली. "आत ये. बशांतल्या पेशी मोजायला मला आणखी दोन डोळे हवेत, आणि ते माझ्या बाजूचे नकोत."